‘पान लागला तर कराचा काय?’ : नववीतल्या सहा मुलांचं विज्ञान सांगणं

गणपतीतली संध्याकाळ. देवळाच्या सभामंडपात पन्नासेक माणसं बसली होती आणि आमच्या शाळेची नववीतली सहा मुलं ‘सर्पदंश : समज-गैरसमज’ हा विषय मांडत होती. अकरा मिनिटांत एकही मूल अडखळलं नाही. टाळ्या पडल्या. खांबाला टेकून उभी असलेली मी मनातून खूश होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला.

“सगला बरा सांगितलंत पोरांनू. पन पान लागला तर कराचा काय, ता काय सांगितला नाय.”

मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. त्यांच्या पाठीमागच्या चार्टवर लाल स्केचपेनने ‘सर्पदंशावरील प्रथमोपचार’ असं ठळक लिहिलं होतं. खाली सात मुद्दे होते आणि ते सातही मुद्दे खणखणीत आवाजात सांगून झाले होते. आजी बहिऱ्या नव्हत्या, त्यांचं लक्षही उडालं नव्हतं. पण आमच्या भागात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. साप चावला असंही म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. त्या सहाही मुलांच्या घरी हेच बोललं जातं. आमच्या अकरा मिनिटांत ‘पान’ हा शब्द एकदाही आला नाही. ‘सर्पदंश’ मात्र अठरा वेळा आला. हे मी नंतर संहिता काढून मोजलं.

त्या सवालापासून भातकापणीपर्यंतच्या सहा आठवड्यांत काय केलं, काय चुकलं आणि काय जमलं, ते इथे मांडते आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून विज्ञान सांगून घेणाऱ्या इतर शिक्षकांना कदाचित उपयोगी पडेल.

आधीचं थोडं

शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावर. चहूकडे कातळ, आंब्या-काजूच्या बागा आणि जांभ्या दगडाचे गडगे. त्या गडग्यांच्या फटींत, दगडांखाली आणि पाचोळ्यात फुरसं असतं. वीतभर-दीड वीत लांबीचं, मातकट रंगाचं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज करतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे ते चार प्रमुख विषारी साप, ज्यांच्यावर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. सहापैकी चार मुलांच्या घरात किंवा भावकीत कुणाला ना कुणाला पान लागलेलं होतं. म्हणजे विषय मी लादलेला नव्हता, मुलांनीच निवडला होता.

आदल्या वर्षी आठवीत असताना याच विषयाने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा क्रमांक आणला होता. परीक्षकांनी भाषेचं खास कौतुक केलं होतं. गणपतीत गावकऱ्यांनी “पोरांचा काहीतरी ठेवा” म्हटल्यावर आम्ही तेच भाषण धूळ झटकून उभं केलं. खोट कुठे होती हे समजायला एवढं पुरे. जे भाषण परीक्षकांसाठी उत्तम होतं ते ज्याला साप चावू शकतो त्याच्यासाठी नव्हतंच.

संहिता मीच लिहिली होती, हे आधीच कबूल करून टाकते. पहिलं वाक्य होतं, ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे.’ त्याच्याही आधी ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ होतंच. मधलं एक वाक्य तर जसंच्या तसं देते: ‘दंशित अवयवाची हालचाल मर्यादित ठेवून रुग्णास तत्काळ नजीकच्या आरोग्य केंद्रात दाखल करावे.’ व्याकरणात चूक नाही आणि माहितीही बरोबर. पण ‘दंशित अवयव’ म्हणजे पाय, हे रात्री अकरा वाजता बॅटरीच्या उजेडात कुणाला आठवेल?

यात मुलांचा दोष नाही. आपल्या शाळेत बोलणं म्हणजे वक्तृत्व स्पर्धा आणि समजावणं म्हणजे ‘शास्त्रीय कारणे लिहा’, गुण दोन. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. त्याला फक्त मुलाला ते येतं की नाही एवढंच तपासायचं असतं. ज्याला खरंच माहीत नाही आणि ज्याचं त्या माहितीवाचून अडणार आहे, अशा माणसाशी विज्ञानाबद्दल बोलण्याची वेळ चौदा वर्षांच्या मुलावर शाळेत जवळजवळ येतच नाही.

वह्या घेऊन वाडीत

दुसऱ्या दिवशी मुलं पडलेल्या चेहऱ्यांनी आली. ढाल मिळवलेली आमची वक्तृत्वपटू तर म्हणाली, “बाई, त्यांना शुद्ध भाषा कळत नाही त्याला आपण काय करणार?” मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील दुसऱ्याची काजूबाग राखतात आणि ज्याला आम्ही चार्ट धरायला घेतलं होतं, तो हळूच म्हणाला, “माझी आजी पण तेच म्हणाली असती.” त्या दिवसापासून गटाचा कल बदलला असं मी म्हणेन, पण त्या वेळी मला ते जाणवलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे कुणी काहीही सांगायचं नाही, फक्त विचारायचं, असं ठरलं. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. प्रत्येकाने तीन-चार घरी जायचं आणि विचारायचं: पान लागलं तर तुमच्याकडे पहिलं काय करतात? उत्तर ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. ‘सुधारायचं नाही’ हेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या शनिवारच्या वह्यांत ‘रुग्णाला मांत्रिकाकडे नेले जाते’ अशी वाक्यं होती. मी विचारलं, “त्या काकी ‘रुग्ण’ म्हणाल्या?” मुलगी हसली. “नाही, ‘माणूस’ म्हणाल्या. ‘माणूस उचलायचा न् भगताकडे न्यायचा’ म्हणाल्या.” मग तसंच लिही की!

दुसऱ्या शनिवारच्या वह्या वाचण्यासारख्या होत्या. डूख धरणारा साप, वर बांधायची सुतळी, अंगारा, उतारा, मिरची तिखट लागते का ते बघणं, सगळं होतं. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे लोक भगताकडे का जातात, याची कारणं त्यात आली. भगत शेजारच्या वाडीत, आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर. रात्री गाडी मिळत नाही. भगत दार उघडतो आणि पैसे मागत नाही. एका घरात सांगितलं होतं, “दवाखान्यात नेला तर ‘पुढं न्या’ म्हणतात, मग पुढचे आणखी पुढं न्या म्हणतात.” आमच्या आधीच्या संहितेत या सगळ्याला एकच शब्द होता: अंधश्रद्धा.

गटातल्या एकाने जादूटोणाविरोधी कायदा वाचला होता. २०१३च्या त्या कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे, हे त्याला पाठ होतं. भाषणाची सुरुवात कायद्यानेच करू या, असं त्याचं म्हणणं. यावर चांगलं तासभर भांडण झालं. शेवटी काजूबागेतल्या मुलाने विचारलं, “तू माझ्या अंगणात येऊन पहिलंच वाक्य पोलिसांचं बोललास, तर माझी आजी दुसरं ऐकेल?” कायद्याचा मुद्दा मागे गेला. काढून टाकला नाही, कुणी विचारलं तर सांगायचा असं ठरलं. मला ते योग्य वाटलं.

डॉक्टरांची वीस मिनिटं

तिसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर तरुण होत्या. ओपीडी संपल्यावर त्यांनी आम्हाला वेळ दिला. मुलांनी प्रश्न लिहून आणले होते. अट एकच, गूगलवर सापडेल असा प्रश्न विचारायचा नाही.

एकीने विचारलं, “लहान मुलाला लस कमी देतात ना?” मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टर म्हणाल्या, नाही, मोठ्यांइतकीच देतात. समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. लस माणसाच्या वजनासाठी नसते, अंगात गेलेल्या विषासाठी असते. मुलांचे चेहरे त्या वाक्याला जसे उजळले, तसे माझ्या तासाला क्वचितच उजळतात.

दुसरा प्रश्न होता, साप मारून दाखवायला न्यावा का. गरज नाही. आपल्याकडची लस घोड्यांच्या रक्तातून तयार करतात आणि ती या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते. साप शोधण्यात वेळ जातो, वर आणखी एकाला चावायची भीती. मण्यार चावली तर अनेकदा दुखतही नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणत उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. हे ऐकून एक मुलगी गप्पच झाली. तिच्या मामाचं असंच झालं होतं आणि घरात अजूनही ‘पोटदुखीने गेला’ असं सांगतात.

मग डॉक्टरांनी एक काचेची परीक्षानळी दाखवली. फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय असला की रुग्णाचं दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त गोठलेलं असलं तर जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे असं समजायचं. मोठं यंत्र नाही की वीज नाही, एक नळी आणि घड्याळ.

निघताना डॉक्टरांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव काढलं. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पोरं दगावत होती, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करत बावस्करांनी एकेका रुग्णाच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवलं. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परतताना रिक्षात मुलांची चर्चा पद्मश्रीवर नव्हती. ‘नोंदी’ या शब्दावर होती. आपल्या शनिवारच्या वह्याही नोंदीच आहेत, असं कुणीतरी म्हणालं.

जेली, चायना ग्रास आणि काजूबिया

नळीचं प्रात्यक्षिक करायचं हे मुलांनी रिक्षातच पक्कं केलं. रक्त अर्थातच नाही. एकीने दुकानातून स्ट्रॉबेरी जेलीचं पाकीट आणलं, शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये एका नळीत जेली लावली आणि दुसरीत लाल पाणी भरलं. शाळेत आणून मोठ्या दिमाखात दोन्ही नळ्या उलट्या केल्या. दोन्हीतून लाल पाणी टेबलावर. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाऊण तासाच्या वाटेत जेली वितळली होती.

ही फजिती मला फार आवडली. तिच्या आईने घरी सांगितलं, “चायना ग्रास घाल, तो उन्हातपण तसाच राहतो.” आणि तो राहिलाच. मग ‘का’ हा प्रश्न आलाच. जेलीतलं जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यातून येतं आणि अंगाच्या उष्णतेलाही वितळतं. चायना ग्रास समुद्रशेवाळापासून होतो आणि एकदा लागला की जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही. हा तास मी आखलाच नव्हता. बिटाचा रस घालून लावलेला चायना ग्रास हुबेहूब दिसायचा. इतका, की ‘हे रक्त नाही’ असं आधी सांगायचं, हे संहितेत घालावं लागलं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. भगताकडे गेलेली बरीच माणसं बरी होऊन परत येतात, हे वाडीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना ‘मंत्राने काही होत नाही’ असं सांगणं म्हणजे ‘तुम्ही पाहिलं ते खोटं’ असं सांगणं. आमच्या जुन्या भाषणात नेमकं तेच होतं. यातून वाट मुलांनी काढली, तीही घरातल्या काजूबियांनी.

वीस बिया जमिनीवर ओळीने मांडायच्या. “समजा वीस जणांना जनावर चावलं.” चौदा बाजूला. “हे बिनविषारी. दिवड, धामण, कवड्या. कवड्या तर मण्यारीसारखाच दिसतो.” मग दोन आणखी बाजूला. “हे चावले विषारी सापाचे, पण सापाने विष सोडलंच नाही. असंही होतं.” उरल्या चार. “आता हे वीसही जण भगताकडे गेले. या सोळा जणांचं काय होणार?” कुणीही सांगतं, बरे होणार. “घरी येऊन काय सांगणार?” भगताने उतरवलं म्हणून सांगणार. “आणि हे चार?” इथे मुलगा थांबायचा. काही बोलायचा नाही.

पहिल्या तालमीत तो ‘समजा’ म्हणत नव्हता. ‘ऐंशी टक्के साप बिनविषारी असतात’ असं ठोकून देत होता. आकडा कुठून आणला? मोबाइलवरून. मोबाइलवर कुठून आला? माहीत नाही. मग जो आकडा दाखवता येत नाही तो सांगायचा नाही, ‘समजा’ म्हणायचं, असं ठरलं. मला भीती होती की ‘समजा’ म्हटलं की जोर जाईल. झालं उलटंच. लोक ‘समजा’ ऐकून स्वतः हिशेब करायला लागले.

ज्या आकड्याची खात्री होती तोही आम्ही ठेवला, पण जागा बदलून. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, आणि त्यांतली साधारण पाव पंधरा वर्षांखालची मुलं होती, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. जुन्या भाषणात हे सुरुवातीला होतं. नव्यात ते बियांच्या नंतर आलं, त्या चार बियांकडे बोट दाखवून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरची जागा दिली, केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, हे सगळं मुलांना माहीत होतं. ते गाळायचं ठरवलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. जे येतं ते सगळं सांगायचं नसतं, हे चौदाव्या वर्षी पटणं सोपं नाही. माझ्या वयाच्या सहकाऱ्यांनाही ते पटत नाही.

तालीम

तालमीत मी आजोबा व्हायचे. आडवे प्रश्न विचारायचे, मध्येच तंबाखू मळायचे, “ता जाव दे, पयला सांग” म्हणून तोडायचे. ज्याचं उत्तर येत नाही ते ठोकून दिलं की त्याने त्या दिवशी फळा पुसायचा आणि डस्टर झटकायचं. पहिल्या आठवड्यात फळा रोज लख्ख होता. ‘आम्हाला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगतो’ हे वाक्य आमच्या ढालवाल्या मुलीच्या तोंडून निघायला अकरा दिवस लागले. स्पर्धेत थांबलं की गुण जातात, ही सवय हाडात मुरलेली.

‘करू नका’ची यादीही तालमीतच ढासळली. बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. सगळं बरोबर आहे, पण घाबरलेल्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. काहीतरी करायला दिलं नाही तर ते सुतळीच उचलतात. आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो, फुरसं-घोणसेच्या दंशात तर पाय गमवायची वेळ येते. मग हातांना काम काय द्यायचं? अंगठी, बांगड्या, पैंजण, पायातला काळा दोरा काढायचा, कारण सूज चढली की तेच रुततात. हाड मोडल्यावर बांधतात तशी काठी किंवा फळी पायाला लावून पंचाने सैलसर धरून ठेवायची, म्हणजे पाय हलणार नाही. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. १०८ला फोन.

यात एक धोका होता. ‘बांधू नका’ आणि ‘काठी बांधा’ हे एका दमात ऐकलं की गोंधळ होणार. त्यावर काजूबागेतल्या मुलाने एक वाक्य काढलं: “काठी बांधायची, पाय नाय बांधायचा.” मी वर्षभर बसले असते तरी मला ते सुचलं नसतं.

अंगणातली संध्याकाळ

दुसऱ्यांदा देवळात गेलो नाही. माइक नाही, स्टेज नाही. भातकापणीला आठवडा असताना एका वाडीत, शेणाने सारवलेल्या अंगणात, वीस-बावीस माणसं. त्या आजींना मुद्दाम बोलावून आणलं होतं. सुरुवात त्यांच्याच प्रश्नाने झाली. ढालवाली मुलगी म्हणाली, “गणपतीत आजींनी विचारलं होतं, पान लागलं तर करायचं काय. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नव्हतं.” आजी पदर सावरून ताठ बसल्या.

बोलणं बारा मिनिटांत संपलं. प्रश्न जवळजवळ पाऊण तास चालले. नळ्या उलट्या केल्यावर एका बागायतदाराने विचारलं, ही तपासणी घरीच करून बघता येईल का? मुलीने ठाम सांगितलं, नाही, वीस मिनिटं घरी घालवायची नाहीत, तेवढ्यात गाडी निम्म्या वाटेवर जाते. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. आम्ही पोचायच्या आधी कुणी सुतळी आवळलेली असेल तर ती सोडायची का? आमच्या तयारीत हे होतं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं: घट्ट बांधलेलं एकदम सोडायचं नाही, ते दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडतात. तिसऱ्या प्रश्नावर, पान लागलेल्या गरोदर बाईला लस चालते का, मुलं अडली. एकमेकांकडे पाहिलं आणि ‘विचारून सांगतो’ म्हणाली. दोन दिवसांनी उत्तर घेऊन गेलीही: चालते, द्यायलाच हवी.

आणि मग कोपऱ्यातून एक गृहस्थ बोलले. ते पान उतरवतात हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. आवाजात राग नव्हता. “म्हंजे मी काय कराचा? रात्री बारा वाजता दारात माणूस आनला तर?”

संहितेत याला उत्तर नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काजूबागेतला मुलगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही मंत्र म्हणा. पण गाडीत बसून म्हणा. तुम्ही बरोबर असलात तर घरचे घाबरणार नाहीत.”

अंगणात हशा झाला, ते गृहस्थही हसले. “गाडी कोन आनील?” म्हणाले. त्यावर तिथेच दोन रिक्षावाल्यांचे नंबर एका पाटीवर लिहून घेतले गेले.

या वाक्यावरून आमच्या शिक्षकखोलीत नंतर बरंच झालं. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, विज्ञानाचे शिक्षक असून मंत्राला मान्यता दिलीत. त्यांचा मुद्दा मला हलका वाटत नाही. मंत्राने विष उतरतं असं मुलगा म्हणाला असता तर मीच थांबवलं असतं. पण तो उपचाराबद्दल बोललाच नाही, वेळेबद्दल बोलला. ज्या माणसाच्या दारात लोक आधी जातात त्याच्याकडून गाडी लवकर निघावी, एवढंच त्याने साधलं. बियांचं प्रात्यक्षिक त्याच मुलाने दहा मिनिटांपूर्वी केलं होतं आणि ते त्या गृहस्थांनी पूर्ण पाहिलं होतं.

नंतर

दोन आठवड्यांनी मुलं त्याच घरांत पुन्हा गेली, तोच प्रश्न घेऊन. बहुतेकांच्या उत्तरात गाडी, १०८ आणि ‘काठी बांधायची’ आलं. सुतळी पूर्ण गेली नाही. “गाडी बोलवायची न् तवर बांधायचा” असंही दोघांतिघांनी सांगितलं. मुलांनी ते तसंच लिहून आणलं, सुधारलं नाही. माहिती पोचली की वागणं बदलतंच, असा दावा मी करणार नाही. तशी वेळ आलेली नाही आणि येऊ नये.

डिसेंबरात तालुक्याचं प्रदर्शन आलं. मुलांनी नवं सादरीकरण नेलं: दोन नळ्या, वीस काजूबिया, एक काठी, एक पंचा. चार्ट नव्हता. ढालवाल्या मुलीने परीक्षकांना आधी प्रश्न विचारला, “सर, तुमच्या गावात साप चावला तर काय म्हणतात?” परीक्षक गडबडले, मग म्हणाले, “प्रश्न आम्ही विचारायचे असतात.” क्रमांक आला नाही. शेऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं: ‘विषय उपयुक्त. प्रमाणभाषेकडे लक्ष द्यावे. तक्ते अपुरे.’

तो कागद मुलांनी प्रयोगशाळेच्या कपाटाला आतून चिकटवला आहे, नळ्यांच्या खणात. काजूबागेतला मुलगा आता दहावीत आहे आणि त्याला विंचवावर काम करायचं आहे. बोर्डाचं वर्ष आहे, नको म्हणून पाहिलं. परवा वही दाखवायला आला, तर पहिल्या पानावर वाडीवाडीतून आणलेले शब्द होते. विंचू, इंगळी, आणि खाली एक असा शब्द, जो मी कोकणात वीस वर्षं राहून कधी ऐकला नव्हता.

“हे कुणाकडून?” मी विचारलं.

“त्या पान उतरवणाऱ्या आजोबांकडून,” तो म्हणाला. “ते विंचू पण उतरवतात, बाई.”